जोन ऑफ आर्क : मध्ययुगातल्या एका शेतकरी मुलीचं आयुष्य इतक्या तपशिलात कसं ठाऊक झालं?

१४५६ सालचा जानेवारी संपत आला होता. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, म्यूज नदीच्या काठी असलेल्या दोंरेमी या लहानशा खेड्यात चर्चचे अधिकारी आणि त्यांचे लेखनिक येऊन दाखल झाले. त्यांच्याकडे प्रश्नांची एक यादी होती. गावातली एक मुलगी २५ वर्षांपूर्वी पाखंडी ठरवून जिवंत जाळली गेली होती. तिचे आईवडील कोण होते, तिचा बाप्तिस्मा कुठे झाला, ती लहानपणी कशी वागायची, कोणती कामं करायची, गावाबाहेरच्या त्या झाडाखाली ती का जायची, घर सोडून ती कशी गेली, असे ते प्रश्न होते.

नांगर धरणारे शेतकरी, गाडी बनवणारे कारागीर, त्यांच्या बायका, तिच्या धर्ममाता आणि तिच्याबरोबर खेळलेल्या, आता चाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणी एकेक करून पुढे आल्या. दोंरेमी आणि जवळच्या वोकुलर व तूल या गावांत मिळून ३४ जणांच्या साक्षी झाल्या. लेखनिकांनी त्या लॅटिनमध्ये उतरवून घेतल्या.

ती मुलगी म्हणजे जोन ऑफ आर्क. वयाच्या सतराव्या वर्षी सैन्याबरोबर निघालेली, फ्रान्सच्या राजाला राज्याभिषेकापर्यंत नेणारी आणि एकोणिसाव्या वर्षी जाळली गेलेली जोन जगाला ठाऊक आहे. चिलखत घालण्याआधीची तिची सुमारे सोळा वर्षं मात्र एका साध्या शेतकऱ्याच्या घरात गेली. सरंजामी युरोपात तिच्यासारख्या लाखो मुली जन्मल्या, राबल्या आणि मेल्या. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहून ठेवलं नाही. जोनबद्दल लिहिलं गेलं, कारण तिच्यावर खटला चालला आणि नंतर तो खटला चुकीचा होता हे ठरवण्यासाठी दुसरा खटला चालला.

दोन धन्यांचं गाव

जोनचा जन्म साधारण १४१२ सालचा. खेड्यात जन्मतारखा लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे न्यायालयात वय विचारल्यावर तिनेही अंदाजेच सांगितलं. वडील जाक दार्क, आई इझाबेल रोमे. जाकमाँ, जान आणि पिएर हे तीन भाऊ आणि कातरीन ही बहीण. घरी तिला जानेत म्हणत.

तिचं आडनाव काय, या प्रश्नाचं उत्तरही सरळ नव्हतं. तिच्या भागात मुली आईचं आडनाव लावतात, असं तिने न्यायाधीशांना सांगितलं होतं. त्या हिशेबाने ती जोन रोमे. 'दार्क' हे वडिलांचं नाव नंतर रूढ झालं आणि त्याचंच इंग्रजी रूप 'ऑफ आर्क' जगभर पसरलं.

दोंरेमी हे एका सत्तेखालचं गाव नव्हतं. गावाचा एक भाग बुर्लेमाँ या जहागीरदार घराण्याचा होता, तर दुसरा फ्रान्सच्या राजाच्या ताब्यात, वोकुलरच्या किल्ल्याखाली येत होता. शेजारी बारची आणि लॉरेनची डची होती. एखादा ओढा ओलांडला की कर घेणारा धनी बदलायचा.

जहागीरदार म्हणजे नुसता जमिनीचा मालक नव्हे. युरोपातल्या बहुतेक भागांत शेतकऱ्याने पिकाचा किंवा पैशाचा ठरलेला वाटा त्याला द्यायचा, त्याच्या खासगी जमिनीवर काही दिवस वेठीने राबायचं आणि भांडणतंटे त्याच्याच न्यायालयात न्यायचे, अशी पद्धत होती. अनेक ठिकाणी धान्य त्याच्याच गिरणीत दळावं लागे, पाव त्याच्याच भट्टीत भाजावा लागे आणि दोन्हीचे पैसे मोजावे लागत. चर्चचा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा वाटा, वेगळा.

जे भूदास होते त्यांच्यावर आणखी बंधनं होती. मुलीचं लग्न जहागिरीबाहेर करायचं तर धन्याची परवानगी लागे आणि त्यासाठी रक्कम भरावी लागे. तिच्याबरोबर तिची होणारी मुलं, म्हणजे उद्याचे राबणारे हातही दुसऱ्या धन्याकडे जाणार, हा त्यामागचा हिशेब होता. भूदास वारसाशिवाय मेला तर त्याची चीजवस्तूही धन्याकडे जाई.

चौदाव्या आणि पंधराव्या शतकापर्यंत फ्रान्समध्ये भूदासपणाची पकड बरीच सैल झाली होती, पण ती सगळीकडे संपली नव्हती. खुद्द जोनच्या कुटुंबाचा दर्जा काय होता, याचीही राजदरबाराला खात्री नव्हती. १४२९ च्या डिसेंबरमध्ये राजाने या कुटुंबाला उमराव केलं, तेव्हा ही माणसं कदाचित स्वतंत्र दर्जाची नसतील, तरीही हा सन्मान लागू राहील, असं कलम त्या फर्मानात घालून ठेवलं होतं.

सूतकताई, शेणगोठा आणि नांगर

शेतकऱ्याच्या मुलीचा दिवस कसा जात असे, याचं उत्तर दोंरेमीच्या साक्षीदारांनी आपापल्या परीने दिलं आणि सगळ्यांचं सांगणं जवळजवळ सारखंच होतं. जोन घरातली कामं करायची. लोकर आणि वाख कातायची. शिवणकाम करायची. घराची झाडलोट करायची. वडिलांबरोबर नांगरणीला जायची. गावाची गुरं चारण्याची पाळी घरावर आली की ती गुरांमागेही जायची.

यातलं सूत कातणं हे बाईचं कधीच न संपणारं काम. मध्ययुगीन युरोपात कापडाच्या प्रत्येक तुकड्यामागे बायकांच्या हातची कित्येक दिवसांची कताई असे. ते काम शेजारणीच्या अंगणात, गप्पा मारता मारता आणि रात्री चुलीजवळ बसून चालायचं. माँजेत नावाच्या मैत्रिणीचं घर जोनच्या घराला जवळजवळ लागूनच होतं. आपण दोघी एकत्र बसून कातायचो, असं तिने साक्षीत सांगितलं. जोनला स्वतःलाही या कामाचा अभिमान होता. रूआँ शहरातल्या कोणत्याही बाईपेक्षा आपण कातण्यात आणि शिवण्यात कमी नाही, असं तिने तिचा जीव घ्यायला बसलेल्या न्यायाधीशांना ठासून सांगितलं होतं.

तिला लिहितावाचता येत नव्हतं. गावातल्या मुलीला ते शिकवावं, असं कुणाच्या मनातही येत नसे. पुढे पत्रं ती सांगून लिहवून घेई आणि त्याखाली सही करण्यापुरती अक्षरं शिकली. धर्माचं शिक्षण तिला आईकडून मिळालं. रोज म्हणायच्या तीन मुख्य प्रार्थना आईनेच शिकवल्या, असं तिने सांगितलं. आईचं 'रोमे' हे नाव रोमची यात्रा केलेल्यांना लावत. इझाबेलने दूरच्या ल पुई या तीर्थाची यात्राही केली होती. शेतकऱ्याच्या बायकोला गावाची वेस ओलांडायला मिळणाऱ्या मोजक्या निमित्तांपैकी यात्रा हे एक होतं.

जोन इतर मुलींपेक्षा जास्त देवभोळी होती, म्हणून पोरं तिची थट्टा करायची. घंटा वाजवायची जबाबदारी असलेला माणूस संध्याकाळची घंटा द्यायला विसरला की ती त्याला रागवायची आणि नीट वाजवलीस तर काहीतरी देईन, असं आमिषही दाखवायची. लहानपणी आपण आजारी असताना तिने आपली शुश्रूषा केली, अशी आठवण एका शेतकऱ्याने सांगितली. दारात आलेल्या गरिबाला ती आपलं अंथरूण द्यायची, असंही साक्षींत आहे.

खंडणी, पळवलेली गुरं आणि जळलेलं गाव

जोनच्या जन्माआधीपासून इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात शतवार्षिक युद्ध चालू होतं. १४२० च्या त्र्वाच्या तहाने फ्रान्सच्या राजाच्या मुलाला, शार्लला बाजूला सारून इंग्लंडच्या राजाला वारस ठरवलं. बर्गंडीचा ड्यूक इंग्रजांच्या बाजूने होता. दोंरेमी शार्लच्या बाजूचं, तर नदीपलीकडचं मॅक्सी हे गाव बर्गंडीच्या बाजूचं. दोन्ही गावांतली पोरं एकमेकांशी मारामारी करून रक्तबंबाळ होऊन घरी यायची, हे जोनने पाहिलं होतं.

अशा काळात जहागीरदाराने रयतेचं रक्षण करावं आणि त्या बदल्यात रयतेने त्याचे कर भरावेत, हा सरंजामी व्यवस्थेचा मूळ करार. प्रत्यक्षात रक्षणाची सोय बऱ्याचदा रयतेलाच करावी लागे. म्यूज नदीतल्या बेटावर बुर्लेमाँ घराण्याचा एक जुना, तटबंदी असलेला वाडा होता. १४२० मध्ये जाक दार्क आणि आणखी एका गावकऱ्याने पुढाकार घेऊन तो नऊ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला. सैनिक येत असल्याची हूल उठली की गुरं तिथे कोंडता यावीत, एवढाच हेतू होता. धन्याचीच गढी आणि तिच्या भिंतींआड लपण्यासाठी रयतेनेच धन्याला भाडं भरायचं. लहानपणी त्या बेटाकडे गुरं हाकायला आपण मदत करायचो, हे जोनने न्यायालयात सांगितलं.

१४२३ मध्ये जाक दार्क गावकारभारी होता. कर गोळा करणं आणि पहाऱ्याची व्यवस्था पाहणं ही त्याची कामं होती. त्याच वर्षी कॉमर्सीचा सरदार रोबेर द सारब्रुक याने दोंरेमी आणि शेजारच्या ग्रो या गावांकडून संरक्षणाच्या नावाखाली दर घरटी वार्षिक रक्कम लिहून घेतली. शब्द संरक्षणाचा असला तरी ती खंडणीच होती. त्या करारावर गावाच्या वतीने बांधले गेलेल्यांत जोनच्या वडिलांचंही नाव आहे.

दोनेक वर्षांनी एका लुटारू सरदाराच्या माणसांनी दोन्ही गावांची गुरं पळवून नेली. तेव्हा गावची जहागीर एका बाईकडे होती. जान द ज्वाँव्हिल ही बुर्लेमाँ घराण्याची वारस. तिने आपल्या नात्यातल्या व्होदेमाँच्या काउंटकडे दाद मागितली, त्याने माणसं पाठवली आणि गुरं परत मिळाली. जहागीरदारीण आणि शेतकरीण दोघीही बायकाच, पण एकीच्या शब्दावर घोडेस्वार निघत होते आणि दुसरीला गोठा रिकामा बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. त्या काळात बाई असणं एक आणि कोणत्या घरात बाई म्हणून जन्मणं दुसरं.

१४२८ च्या जुलैमध्ये बर्गंडीच्या बाजूचं सैन्य वोकुलरवर चालून आलं. दोंरेमीची माणसं गुरं घेऊन नफशातो या तटबंदीच्या गावात पळाली. जोनचं कुटुंब तिथे 'ला रूस' नावाच्या बाईच्या खाणावळीत राहिलं आणि जोन तिला घरकामात हातभार लावू लागली. सगळे परतले तेव्हा गाव आणि चर्च जळालेलं होतं.

लग्न मोडणारी मुलगी

तेराव्या वर्षाच्या सुमारास, उन्हाळ्यातल्या एका दुपारी वडिलांच्या बागेत आपल्याला प्रथम दैवी आवाज ऐकू आला, असं जोनने सांगितलं आहे. पुढे हे आवाज तिला फ्रान्सच्या राजाकडे जायला सांगू लागले. तिने ते घरात कुणाला कळू दिलं नाही.

वडिलांना मात्र काहीतरी जाणवत होतं. आपली मुलगी शिपायांबरोबर निघून गेली, असं त्यांना स्वप्न पडलं. शिपायांमागे जाणाऱ्या बायकांचा अर्थ त्या काळात एकच घेतला जाई. असं काही होणार असेल तर तिला नदीत बुडवून मारा, तुम्ही नाही केलंत तर मी करीन, असं त्यांनी मुलांना बजावलं. हे आईने जोनला सांगितलं आणि जोनने न्यायालयाला. त्या दिवसांत आईवडील तिच्यावर कडक नजर ठेवून होते.

याच सुमारास तूलच्या धर्मन्यायालयात एका तरुणाने दावा लावला. जोनने आपल्याशी लग्नाचं वचन दिलं होतं आणि ते आता ती पाळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. चर्चच्या कायद्यात लग्नासाठी दोघांची संमती आवश्यक होती. हा नियम कागदावर मुलीच्या बाजूचा होता, पण धनी, वडील आणि गाव यांच्या दबावाखाली तो वापरणाऱ्या शेतकरी मुली फार नसाव्यात. जोनने तो वापरला. आपण कुणालाही वचन दिलेलं नाही, असं तिने न्यायालयापुढे सांगितलं आणि दावा जिंकला. आईवडिलांचं आपण सगळं ऐकलं, फक्त या लग्नाच्या बाबतीत आणि घर सोडण्याच्या बाबतीत ऐकलं नाही, असं ती पुढे म्हणाली.

घर सोडताना तिने जे निमित्त शोधलं, तेही बायकांच्या जगातलंच होतं. द्युराँ लाक्सार हा तिच्या नात्यातला माणूस वोकुलरजवळ राहायचा. त्याची बायको गरोदर होती. बाळंतपणात मदत करायला जाते, हे कारण कोणत्याही घरात चालण्यासारखं होतं. १४२८ मध्ये लाक्सार तिला वोकुलरच्या किल्लेदाराकडे, रोबेर द बोद्रिकूरकडे घेऊन गेला. किल्लेदाराने या पोरीला दोन थोबाडीत देऊन बापाकडे पोचव, असा सल्ला दिला.

१४२९ च्या सुरुवातीला ती पुन्हा गेली. निघताना तिने माँजेतचा निरोप घेतला, पण ओव्हिएत या जिवलग मैत्रिणीला सांगितलं नाही. ती गेल्याचं कळल्यावर आपण खूप रडलो, असं ओव्हिएतने २७ वर्षांनंतर साक्षीत नोंदवलं.

वोकुलरमध्ये जोन ल रोयेर दांपत्याकडे राहिली आणि घरच्या बाईबरोबर सूत कातत वाट पाहू लागली. अंगावर एक साधा लाल झगा होता. हळूहळू गावाचा तिच्यावर विश्वास बसला. लोकांनी तिच्यासाठी पुरुषी कपडे शिवून दिले, लाक्सार आणि आणखी एकाने मिळून घोडा घेतला. शेवटी किल्लेदारानेही परवानगी दिली. फेब्रुवारीत सहा पुरुषांच्या सोबतीने ती शत्रूच्या मुलखातून शिनाँकडे निघाली. अकरा दिवसांत ती शार्लच्या दरबारात पोचली.

राजाचं बक्षीस

पुढचा इतिहास वेगाने घडला. दरबारातल्या धर्मपंडितांनी तिची परीक्षा घेतली. १४२८ च्या ऑक्टोबरपासून इंग्रजांनी वेढलेलं ऑर्लेआँ शहर ८ मे १४२९ रोजी मोकळं झालं. १८ जूनला पाते इथे इंग्रजांचा मोठा पराभव झाला. १७ जुलैला रीम्सच्या कॅथेड्रलमध्ये सातव्या शार्लचा राज्याभिषेक झाला, तेव्हा जोन हातात झेंडा घेऊन जवळच उभी होती.

त्या सोहळ्यासाठी जाक दार्कही रीम्सला आला होता. मुलीला बुडवून मारायची भाषा करणारा हा बाप आता तिच्यामुळे शहराचा पाहुणा होता. त्याच्या खाणावळीचा खर्च रीम्स शहराने उचलला. राजाने त्याला पैसेही दिले.

३१ जुलै १४२९ रोजी राजाने जोनच्या विनंतीवरून दोंरेमी आणि ग्रो या दोन गावांना करमाफी दिली. ही सवलत पुढच्या कित्येक पिढ्यांनी उपभोगली. कराच्या वहीत या गावांसमोर आकड्याऐवजी कुमारी जोनमुळे काही देणं नाही, अशा अर्थाची नोंद केली जाई. राजाकडे एक गोष्ट मागायची संधी मिळाल्यावर शेतकऱ्याच्या मुलीने काय मागितलं, तर गावाचा कर माफ करून घेतला. वडिलांना घरोघरी वसुलीला जाताना पाहिलेल्या मुलीची ती मागणी होती.

डिसेंबरमध्ये कुटुंबाला 'द्यु लिस' या नावाने उमरावपद मिळालं. त्यातली एक गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी होती. हा दर्जा मुलींच्या वंशालाही लागू होता, म्हणजे या घराण्यातल्या बाईची मुलंही उमराव ठरणार होती. मुलींच्या बाजूची ही सवलत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काढून घेण्यात आली.

साध्या गोष्टींचा संशय

२३ मे १४३० रोजी काँपियेनच्या तटाबाहेर बर्गंडीच्या सैनिकांनी जोनला पकडलं. तिला ताब्यात घेणाऱ्या जान द लुक्सेंबुर्ग या सरदाराच्या बोरव्वार किल्ल्यात तिला ठेवलं गेलं. तिथे त्याच्या वृद्ध आत्याने आणि पत्नीने तिला बायकी कपडे देऊ केले, तेव्हा तिने नम्रपणे नाही म्हटलं. या मुलीला इंग्रजांच्या हवाली करू नकोस, अशी विनवणी आत्याने केली होती. पण शेवटी १०,००० लिव्हर मोजून इंग्रजांनी जोनला विकत घेतलं. ती रक्कम त्यांनी नॉर्मंडीच्या जनतेवर कर बसवून उभी केली. सातव्या शार्लने तिला सोडवण्यासाठी काही केलं नाही.

रूआँमध्ये बोव्हेचा बिशप पिएर कोशों याच्यापुढे खटला चालला. २१ फेब्रुवारी १४३१ ला तिला पहिल्यांदा न्यायाधीशांपुढे उभं केलं. पुढे लष्करी मोहिमांइतकेच प्रश्न दोंरेमीतल्या बालपणावर विचारले गेले आणि शेतकरी मुलीच्या आयुष्यातली प्रत्येक साधी गोष्ट तिथे संशयाची झाली.

गावाबाहेर एक जुनं मोठं झाड होतं. लोक त्याला बायांचं झाड म्हणत. वसंतात ठरलेल्या एका रविवारी गावची पोरं छोटे पाव घेऊन तिथे जात, खेळत, गाणी म्हणत, फांद्यांना फुलांच्या माळा बांधत आणि परतताना झऱ्याचं पाणी पीत. बुर्लेमाँच्या जहागीरदारिणीही पूर्वी आपल्या दासींसह तिथे सहलीला जात. त्या झाडाखाली पूर्वी पऱ्या येत, अशी म्हाताऱ्या माणसांची गोष्ट होती. न्यायालयाने या गोष्टीतून जादूटोणा काढला. आपण कधी परी पाहिली नाही, हे जोनने परोपरीने सांगितलं. जहागीरदारिणींची सहल तिथे कुणाला खटकली नाही, शेतकरणीच्या फुलांच्या माळा मात्र पुरावा ठरल्या.

नफशातोतला तो निर्वासितांचा मुक्कामही आरोपपत्रात आला. आईवडिलांबरोबर काही दिवस काढलेली खाणावळ तिथे बदफैली बायकांचा आणि शिपायांचा अड्डा बनली आणि जोन तिथली मोलकरीण. मोडलेलं लग्न, आईवडिलांना न विचारता सोडलेलं घर आणि सगळ्यात जास्त म्हणजे पुरुषी कपडे, हे सगळे तिच्यावरचे आरोप होते. आईवडिलांना आपण पत्र पाठवलं आणि त्यांनी आपल्याला क्षमा केली, असं तिने सांगितलं. त्याचा उपयोग झाला नाही.

खटल्याआधी कोशोंच्या माणसांनी दोंरेमीतही चौकशी केली होती. त्या कामावर नेमलेल्या नोटरीने नंतर सांगितलं की गावात जोनविरुद्ध काहीही सापडलं नाही. ते ऐकून वरचे लोक त्याच्यावरच चिडले. त्या चौकशीचे कागद खटल्यात पुढे आलेच नाहीत.

२४ मे रोजी सरण समोर दिसत असताना जोनने माघारीच्या कागदावर खूण केली आणि बायकी कपडे घातले. चारच दिवसांनी ती पुन्हा पुरुषी वेशात आढळली. ३० मे १४३१ रोजी रूआँच्या बाजारचौकात तिला जाळण्यात आलं आणि तिची राख सेन नदीत टाकण्यात आली.

आईची फिर्याद

इझाबेल रोमेने मुलगी गमावली, पुढे तिचा नवराही गेला. १४४० मध्ये ती ऑर्लेआँला राहायला गेली. आपलं शहर वाचवणाऱ्या मुलीच्या आईला त्या शहराने दरमहा वेतन बांधून दिलं.

१४४९ मध्ये रूआँ फ्रेंचांनी परत जिंकलं आणि खटल्याचे कागद राजाच्या हाती आले. पाखंडी ठरलेल्या बाईच्या मदतीने आपल्याला मुकुट मिळाला, हा डाग पुसणं आता सातव्या शार्ललाही हवं होतं. पण राजाने उघडपणे चर्चच्या न्यायालयावर बोट ठेवणं अडचणीचं होतं. त्यापेक्षा कुटुंबाने दाद मागणं सोयीचं. त्यामुळे फिर्यादीत पुढे आलं ते इझाबेलचं आणि तिच्या दोन मुलांचं नाव. पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी १४५५ मध्ये फेरतपासणीला परवानगी दिली.

७ नोव्हेंबर १४५५ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये ही वृद्ध शेतकरीण आपल्या मुलासह आणि ऑर्लेआँच्या काही लोकांसह पोपच्या प्रतिनिधींपुढे उभी राहिली. रीतसर लग्नातून झालेली आपली मुलगी आपण देवाच्या भीतीत आणि चर्चच्या रिवाजांत वाढवली होती, तिच्यावर खोटे आरोप ठेवून तिला मारण्यात आलं, अशा आशयाचा अर्ज वाचला गेला. राजाच्या दरबाराचं राजकारण त्यामागे असलं, तरी रडत उभी असलेली बाई खरी आई होती. गर्दी इतकी उसळली की प्रतिनिधींना तिला घेऊन आतल्या खोलीत जावं लागलं.

त्यानंतर अनेक गावांत मिळून शंभराहून जास्त लोकांच्या साक्षी झाल्या. दोंरेमीची ती जानेवारीतली चौकशी त्यातलीच. तिथल्या शेतकऱ्यांना धर्मशास्त्र ठाऊक नव्हतं. ती मुलगी संत होती की नाही, हे ते सांगू शकत नव्हते. ती कातायची, नांगराबरोबर जायची, आजाऱ्याचं करायची, आमच्यासारखीच होती, एवढंच त्यांनी सांगितलं. पहिल्या खटल्याने जे आयुष्य संशयाचं ठरवलं होतं, ते किती नेहमीचं होतं, हाच त्यांच्या साक्षींचा पुरावा होता. ७ जुलै १४५६ रोजी रूआँमध्ये जुना निकाल रद्द झाल्याचं जाहीर करण्यात आलं. १४५८ मध्ये इझाबेल वारली. पुढे १९२० साली चर्चने जोनला संत घोषित केलं.

सरंजामी युरोपातल्या शेतकरी बाईचं नाव जहागिरीच्या दफ्तरात येतं ते दंड भरताना, नाहीतर विधवा म्हणून नवऱ्याची जमीन लावून घेताना. ती काय कातायची, कुणाबरोबर हसायची, कोण निघून गेल्यावर रडली, हे तिथे सापडत नाही. दोंरेमीच्या कागदांत ते सापडतं. माँजेत आणि ओव्हिएत या दोन शेतकऱ्यांच्या बायकांची नावं आज जगाला ठाऊक आहेत, ती त्यांची मैत्रीण जाळली गेली म्हणून आणि तिच्या म्हाताऱ्या आईने पंचवीस वर्षांनी पुन्हा न्याय मागितला म्हणून.